इंदूरची सावली ७ जूनला कुठे जाते? मुलांसोबत मोजण्याचा धागा

कर्कवृत्त (इंदूर)

जूनच्या पहिल्या आठवड्यात इंदूरच्या एका गच्चीवर ८ ते १४ वयाच्या मुलांसाठी सत्र ठरतंय. त्यासाठी हा चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आणि शहर आहे. प्रश्नांच्या पेटीत आलेल्या चिठ्ठ्यांपैकी या घेतल्या आहेत:

- सूर्य खरंच डोक्यावर येतो का?
- पृथ्वी केवढी आहे हे कोणी मोजलं आणि कसं?
- बारा वाजले म्हणजे दुपार झाली का?
- सूर्य किती लांब आहे?
- आकाश निळं का?

यांची उत्तरं पाठ्यपुस्तकात आहेत आणि मुलांना ती पाठही असतात. "कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर" असं धडाधड सांगणारं मूल, इंदूरला आपली सावली कधी दक्षिणेला पडते का, या प्रश्नावर मात्र गप्प होतं. म्हणून नियम एकच ठेवू: मुलाच्या हातात दोरी, कागद आणि टाचणी देता येईल, असाच प्रश्न घ्यायचा. आकडा त्याच्याच कागदावर उमटला पाहिजे.

इंदूर २२.७२ अंश उत्तरेला, म्हणजे कर्कवृत्ताच्या किंचित खाली. सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर माथ्यावर येतो, ७ जून आणि ५-६ जुलैच्या सुमारास (वर्षागणिक एखाद्या दिवसाचा फरक पडतो). मधला महिनाभर मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. जुलैत ढग असतात, तेव्हा जून हीच संधी. मांडणी कशी करावी ते जाणकारांनी सांगावं. ग्वाल्हेर आणि वडोदऱ्याची मंडळी सोबत आली तर पृथ्वीच मोजता येईल.

ओळंबा (इंदूर)

आधी एक गैरसमज दूर करतो. "शून्य सावली" म्हणून बाटली उभी करून फोटो काढतात, त्यातून काहीच मोजता येत नाही. सूर्य रोज सुमारे ०.१ अंश सरकतो. १० सेमीच्या बाटलीला हा फरक ०.१७ मिमी. आठवडाभर रोज शून्य सावलीच दिसेल आणि नेमका दिवस कोणता हे मुलांना कळणारच नाही.

उंची १ मीटर हवी, पण काठी नको. सूर्य बिंदू नाही, अर्धा अंश रुंद थाळी आहे. त्यामुळे १ मीटरवरून पडलेल्या सावलीची कड ९ मिमी पसरते आणि बारीक काठीची सावली जमिनीपर्यंत पोचता पोचता विरून जाते. मुलं म्हणतात "सावली दिसतच नाही", आणि ते खरंच असतं. म्हणून सावलीऐवजी उजेडाचा ठिपका वापरा.

साहित्य: २५ × २५ सेमीचा काळा पुठ्ठा, मधोमध पंचिंग मशीनचं एक भोक (साधारण ६ मिमी). पुठ्ठा १ मीटर उंचीवर आडवा धरणारी तिपाई किंवा दोन स्टुलांवर ठेवलेली कामटी. खाली बोर्डावर चिकटवलेली पांढरी ड्रॉइंग शीट. बारीक दोरा आणि एक जड नट. भोकातून आलेला सूर्याचा ठिपका कागदावर सुमारे १५ मिमीचा पडतो, ९ सूर्याचे आणि ६ भोकाचे. ठिपक्याचा मध्य नजरेने ठरवू नका. बटर पेपरवर १५ मिमीचं वर्तुळ काढून मध्यावर छिद्र पाडा. वर्तुळ ठिपक्यावर बसलं की छिद्रातून टाचणी टोचा.

आता सर्वांत महत्त्वाचं. भोकाच्या बरोबर खालचा बिंदू, म्हणजे पाया, ओळंबा (दोऱ्याला टांगलेला नट) सोडूनच ठरवा. गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी उतार दिलेला असतो. तो शंभराला एक असला तरी ०.५७ अंश झाला. गुण्याने (गवंड्याच्या काटकोनी पट्टीने) गच्चीशी काटकोन साधलात तर पाया १० मिमी चुकेल आणि सगळी मेहनत वाया जाईल. ओळंब्याने पाया घेतला तर कागद थोडा कललेला असूनही चालतं, कारण सूर्य माथ्याजवळ असताना त्या उताराचा परिणाम नगण्य असतो.

वारा ही दुसरी अडचण. नट कागदापासून २ मिमी वर लोंबू द्या, हातांचा आडोसा करा आणि झोक्याची दोन टोकं टिपून मध्य घ्या. मग दोरा काढा. निरीक्षण झाल्यावर पुन्हा सोडून बघा. पाया १ मिमीपेक्षा जास्त हलला असेल तर तिपाई सरकली आहे, ते निरीक्षण टाकून द्या.

७ जूनला इंदूरची मध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असण्याची वेळ, घड्याळात साधारण १२:२५ ला. १२:१५ ते १२:३५ दर २ मिनिटांनी टोचा. ठिपका पश्चिमेकडून पूर्वेकडे मिनिटाला ४ मिमी सरकतो, हे बघूनच लहान मुलं ओरडतात. पृथ्वी फिरताना एवढ्या जवळून एरवी दिसत नाही! टोचे सरळ रेषेने जोडा आणि पायापासून त्या रेषेवर लंब टाका. तो लंब हेच तुमचं माप. घड्याळ चुकलं तरी हे माप चुकत नाही, आणि दिशाही त्यातूनच मिळते: रेषा पूर्व-पश्चिम, लंब उत्तर-दक्षिण. मोबाईलचं होकायंत्र स्लॅबच्या सळ्यांजवळ भरकटतं, ते नकोच. फक्त मध्यान्हीच्या आधी-नंतर १० मिनिटांपलीकडे जाऊ नका. अर्ध्या तासावर रेषा ३ मिमी वाकलेली असते.

प्रश्नपेटी (इंदूर)

८-९ वर्षांच्या मुलांना लंब वगैरे जड जाईल. त्यांच्यासाठी ५० मिमीचा, १ मीटर लांब पीव्हीसी पाइप ओळंब्याने उभा बांधा, खाली पांढरा कागद. १२:१३ च्या आसपास उजेडाची कोर पाइपच्या तळाशी येते, १२:२५ ला पूर्ण वर्तुळ होतं आणि १२:३७ ला नाहीसं होतं. विहिरीच्या तळाला ऊन लागणं म्हणजे काय हे लगेच समजतं.

मुलांना वरच्या तोंडाकडे खालून डोळा लावू देऊ नका, एकदाही नाही. भोकातून सूर्याकडे बघायचं नसतं, कागदावरचा ठिपका बघायचा असतो. टोप्या, पाणी, आणि उन्हात एकूण २५ मिनिटं. बाकी सगळं सावलीत.

लष्कर (ग्वाल्हेर)

आम्ही तयार. ग्वाल्हेर २६.२२ अंशांवर, कर्कवृत्ताच्या वर, म्हणून इथे सूर्य कधीच माथ्यावर येत नाही. अगदी २१ जूनलाही १ मीटर उंचीला ४८-४९ मिमी सावली उत्तरेला उरते. त्या दिवशी इंदूरला १२ मिमी असते, पण दक्षिणेला. एकाच राज्यात एकाच दुपारी दोन शहरांच्या सावल्या विरुद्ध दिशांना! मुलांसमोर प्रश्न म्हणून हे ठेवावं, उत्तर म्हणून नाही. आधी चित्र काढायला लावा की असं होण्यासाठी सूर्य कुठे असला पाहिजे.

७ जूनला आमच्याकडे मध्यान्ह १२:१६ ला. लंब ६० मिमीच्या आसपास अपेक्षित आहे. आकडा आधी मुलांना सांगणार नाही. सांगितला की टाचण्या बरोबर त्याच जागी टोचल्या जातात.

कर्कवृत्त (इंदूर)

म्हणजे इंदूर जवळजवळ ०, ग्वाल्हेर ६०. इंदूरचा ठिपका ७ तारखेला पायाच्या मिलिमीटरभर दक्षिणेला गेला तर तो मिलिमीटर मिळवायचा. बेरीज ६१ धरू.

त्रिज्येसाठी अंश, त्रिकोणमिती काही लागत नाही. समरूप त्रिकोण पुरतो: ६१ मिमीला १००० मिमी उंची, तर उत्तर-दक्षिण अंतराला पृथ्वीची त्रिज्या. अंतर ३८८ किमी घेतलं तर ३८८ × १००० ÷ ६१ = ६,३६० किमी. परीघ हवा असेल तर १ मीटर उंचीला दर १७.५ मिमी म्हणजे १ अंश, एवढं लक्षात ठेवा. ६१ मिमी म्हणजे साधारण ३.५ अंश, आणि ३८८ ÷ ३.५ × ३६० = सुमारे ३९,९०० किमी.

चुका होतात त्या बहुतेक अंतरात.

पहिली चूक: रस्त्याचं अंतर घेणं. दुसरी जरा लपलेली आहे. नकाशावर इंदूर-ग्वाल्हेर सरळ रेषेत मोजलं तर सुमारे ४५० किमी भरतं आणि पृथ्वी ४६ हजार किमीच्या घरात जाते. ग्वाल्हेर इंदूरच्या सरळ उत्तरेला नाही, ईशान्येला आहे. आपल्याला फक्त उत्तरेकडचा भाग हवा. छापील नकाशात इंदूरहून सरळ वर जा, ग्वाल्हेरच्या आडव्या रेषेवर राजस्थानातलं टोंक जवळपास तिथेच सापडतं. इंदूर-टोंक अंतर पट्टीने मोजा आणि नकाशाच्या प्रमाणाने गुणा.

तिसरी चूक मोठी माणसं करतात: "३.५ अंश गुणिले १११" करून अंतर काढतात. एका अंशाला १११ किमी हा आकडाच पृथ्वीच्या परिघातून आलेला आहे! मग मोजलं काय? छापील नकाशाचं प्रमाण हेही कोणीतरी मोजलेलंच आहे, पण ते साखळी टाकून जमिनीवर मोजलेलं होतं हे मुलांना सांगता येतं.

एराटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानाने इजिप्तमध्ये हेच केलं. साइनीला (आजचं अस्वान) ऊन विहिरीच्या तळाशी, तेव्हा अलेक्झांड्रियाला वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा, म्हणजे ७.२ अंशांचा कोन. इंदूर हे आपलं साइनी. आपला कोन त्याच्या निम्माच, म्हणून टोचण्यात जास्त काळजी हवी. १ मिमी चुकला की उत्तरात ६०० किमीच्या वर फरक पडतो. दोन्ही शहरांत तीन-तीन मांडण्या लावा आणि मधलं माप घ्या.

मांडवी (वडोदरा)

वडोदरा आणि इंदूर जोडी या कामाला घेऊ नका, आधीच सांगते. आमचे अक्षांश २२.३१, फरक फक्त ०.४ अंश, म्हणजे ७ मिमी. त्यात १-२ मिमी चुकले की पृथ्वी पाव हिश्शाने लहान-मोठी होते.

पण "बारा वाजले म्हणजे दुपार का" या प्रश्नाला ही जोडी फार छान आहे. भारतभरचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाचं, दर अंशाला ४ मिनिटं. जूनच्या पहिल्या आठवड्यात ग्वाल्हेरला मध्यान्ह १२:१६, इंदूरला १२:२५, वडोदऱ्याला १२:३६. मुलांना हे आधी सांगायचं नाही. ठिपका पायातून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर आला की दोन्ही गच्च्यांवरून फोनवर "आता!" म्हणायचं आणि मधली मिनिटं मोजायची. जवळपास पावणेअकरा मिनिटं येतील.

यासाठी ७ नाही, ५ जून घ्या. त्या दिवशी सूर्य दोन्ही शहरांच्या मधल्या अक्षांशावर असतो. इंदूरला ठिपका पायाच्या ३ मिमी उत्तरेला, आमच्याकडे साधारण ४ मिमी दक्षिणेला. एवढ्या जवळून जात असल्यामुळे उत्तर-दक्षिण रेषा ५ अंश चुकलेली असली तरी वेळेत फरक पडतो जेमतेम ५ सेकंदांचा. हिवाळ्यात हाच प्रयोग केला तर तेवढ्याच चुकीने काही मिनिटं जातात.

पूर्व-पश्चिम अंतर नकाशावर सुमारे २७५ किमी. १०.७ मिनिटांत ऊन २७५ किमी सरकलं, तर १४४० मिनिटांत किती? ३७,००० किमी. इथे चुणचुणीत मुलं अडवतात, "मघाशी चाळीस हजार होतं!" अडवायलाच हवं. तो विषुववृत्तावरचा नाही, आपल्या अक्षांशावरचा घेर आहे. भोपळ्याला मध्यावर आणि थोडा वर असा दोनदा दोरा गुंडाळून दाखवा.

घड्याळं मोबाईलची घ्या, भिंतीवरची नको. आणि "आता" म्हणणारा मुलगा दर वेळी तोच ठेवा. माणूस बदलला की हातातले सेकंद बदलतात.

प्रश्नपेटी (इंदूर)

पेटीत आलेली एक चिठ्ठी जशीच्या तशी: "जमीन सपाट असेल आणि सूर्य जवळ असेल तरी सावल्या अशाच पडतील ना?"

हिला काय सांगायचं? प्रश्न बरोबर वाटतोय.

ओळंबा (इंदूर)

प्रश्न बरोबरच आहे, आणि मुलाला आधी तसं स्पष्ट सांगा. दोन शहरांच्या सावल्यांवरून पृथ्वी गोल ठरत नाही. ती गोल धरली तर केवढी, एवढंच ठरतं. सपाट जमिनीवर सूर्य सुमारे ६,४०० किमी उंचीवर लटकत असता तरी इंदूर-ग्वाल्हेरचे आकडे हेच आले असते. एराटोस्थेनिसनेही सूर्य फार लांब आहे हे गृहीतच धरलं होतं.

तिसरं शहर घेऊन फरक दिसतो, पण फार थोडा. कन्याकुमारीत ७ जूनला १ मीटरला गोल पृथ्वीवर २६१ मिमी, सपाटवर साधारण २५४. आपल्या चुकांची गंगाजळी बघता ७ मिमीवर निकाल देऊ नये.

त्यापेक्षा सूर्याची जाडी मोजा. सूर्य जवळ लटकत असता तर संध्याकाळी तो आपल्यापासून कितीतरी लांब जाऊन बारीक दिसायला हवा. अंधाऱ्या जिन्यात किंवा खोलीत, ६ मिमी भोकापासून बरोबर २ मीटरवर कागद धरा, किरणांना काटकोनात. तिरपा धरला तर ठिपका लांबोडा होतो, तेव्हा लांबी नाही, अरुंद बाजू मोजा. बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजून भोकाचे ६ मिमी वजा करा. सकाळी ८ ला, दुपारी आणि संध्याकाळी ५ ला तिन्ही वेळा १८ मिमीच्या आसपासच येतं. सूर्य दिवसभर तेवढ्याच अंतरावर, म्हणजे ते अंतर आपल्या शहरांच्या मानाने प्रचंड. चिठ्ठीतला जवळचा सूर्य इथे बाद होतो. गोलाईसाठी चंद्रग्रहणात चंद्रावर पडणाऱ्या सावलीची कड जोडीला द्या, ती नेहमी वर्तुळाचाच तुकडा असते.

याच मापात "सूर्य किती लांब" चं अर्धं उत्तर आहे. २००० ÷ १८.५ म्हणजे जवळपास १०८. सूर्य आपल्यापासून त्याच्याच १०८ व्यासांवर आहे. जूनमध्ये थोडा जास्त लांब, जानेवारीत थोडा जवळ. किलोमीटर सांगण्याआधी हे सांगा.

राजगिरा (इंदूर)

त्यालाच जोडून सूर्यमाला. आकडे डोक्यात ठेवायला सोपं प्रमाण: १ सेमी म्हणजे १ लाख किमी. सूर्य १४ सेमी, पुठ्ठ्याची चकती कापा. पृथ्वी सव्वा मिमी, बारीक मोहरीचा दाणा, १५ मीटरवर (१४ सेमीच्या १०७ पट, जवळपास वरचंच उत्तर). चंद्र मोहरीपासून पावणेचार सेमीवर, टाचणीच्या टोकाएवढा. मंगळ खसखस, २३ मीटर. गुरू १४ मिमी, लहान गोटी, ७८ मीटर. शनी १२ मिमी, भिजवलेला काबुली चणा, १४३ मीटर. युरेनस आणि नेपच्यून काळी मिरी, २८७ आणि ४५० मीटर.

गच्चीवर मंगळापर्यंतच मावतं. पुढचं गल्लीत चालत करा, पावलांनी मोजत. मुलांचं पाऊल आधी १० मीटरवर मोजून घ्या, नाहीतर गुरू प्रत्येकाचा वेगळ्या घरासमोर येतो. दाणे कार्डावर फेविकॉलने चिकटवा, सुटे दाणे वाऱ्याने जातात. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा याच प्रमाणात ४,००० किमीवर. हे सांगून थांबा, मुलं स्वतःच नकाशा मागतात.

छापील तक्त्यात ग्रह एकमेकांना चिकटून असतात. ते चित्र इतकं घट्ट बसलेलं असतं की चालल्याशिवाय निघत नाही.

मांडवी (वडोदरा)

निळ्या आकाशासाठी थोडक्यात: पारदर्शक बरणीत १ लिटर पाणी, अंधारी खोली, बाजूने मोबाईलचा टॉर्च. दूध थेंबाथेंबाने, २ थेंब घाला, ढवळा, बघा, ८-१० थेंबांपर्यंत. बाजूने निळसर दिसतं, समोरून टॉर्च पिवळट-नारिंगी. सगळे चमचाभर दूध ओततात, मग प्रकाश इतक्या वेळा विखुरतो की नुसतं पांढरं दिसतं. तो ढगाचा प्रयोग झाला, आकाशाचा नाही! बिघडलेली बरणी फेकू नका, "ढग पांढरे का" साठी ठेवा.

लष्कर (ग्वाल्हेर)

५ किंवा ७ जूनला ढग आले तर?

कर्कवृत्त (इंदूर)

आसपासचा कोणताही दिवस चालतो. फक्त त्रिज्येसाठी इंदूर आणि ग्वाल्हेर दोघांनी एकाच दिवशी मोजायचं, कारण सूर्य रोज १.७ मिमी सरकतो. म्हणून ३ ते १० जून रोज मांडणी तयार ठेवू. सकाळी ११ ला फोन, दोन्हीकडे ऊन असेल तर त्या दिवशीचं माप पक्कं. इंदूरचा ठिपका उत्तरेला आला तर ग्वाल्हेरच्या मापातून वजा, दक्षिणेला आला तर मिळवायचा. हे एका मुलाकडे द्या, बहुतेक गट इथेच चुकतो.

आठवडाभर ढगच राहिले तर १३ जूनच्या सुमारास उज्जैनच्या माथ्यावर सूर्य येतो. इंदूरहून साधारण ५५ किमी. जयपूरचा राजा सवाई जयसिंग याच्या तिथल्या वेधशाळेतलं भित्तियंत्र मध्यान्हीच्या सूर्याचं माथ्यापासूनचं अंतर मोजण्यासाठीच बांधलेलं आहे. आपला पुठ्ठा आणि ओळंबा जे करतो, तेच दगडात. मुलांनी आधी गच्चीवर टाचण्या टोचलेल्या असल्या की तिथे काही समजावून सांगावं लागत नाही.

बटर पेपरची वर्तुळं १५ मिमीचीच काढा आणि भोक आधी पट्टीने मोजा. काही पंचिंग मशीनचं भोक ५ मिमी असतं, तेव्हा वर्तुळ १४ चं.